गळाकडे सगळ्यांचे डोळे, मुलाकडे कोणाचे?

पावसाळा ओसरला, तलाव भरले की वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेतल्या वसाहतींमधून रविवारी सकाळी गाड्या निघू लागतात. कोणी पवनारला धाम नदीच्या काठावर जाते, कोणी गावाबाहेरच्या तलावावर. बोटीची हौस असेल तर रामटेकजवळच्या खिंडसी तलावापर्यंतही मजल जाते. डिक्कीत चटई, डबे, गळ, आमिषासाठी कणकेचा गोळा आणि मागच्या सीटवर तीन-चार वर्षांचे पोर. काठावर पोहोचल्यावर आजोबा किंवा मामा गळ टाकून बसतात, आई डबे उघडते, बाबा मोबाइलवर फोटो काढतात. मूल कोणाकडे आहे, असे विचारले तर उत्तर येते, "आहे की इथेच, सगळे आहेत ना!"

लहान मुलाच्या जिवाला पाण्याइतकाच धोका या उत्तराचा असतो. सगळे असतात तेव्हा प्रत्येकाला वाटते, दुसऱ्याचे लक्ष आहे. गळ टाकणाऱ्याचे डोळे तर गळाच्या दोरीवरच खिळलेले असतात. तो खेळच तसा आहे.

बुडणारे मूल हातपाय झाडेल, 'आई' म्हणून ओरडेल, मग आपण धावू, अशी बहुतेकांची समजूत आहे. ती चित्रपटांनी करून दिलेली आहे. बुडणाऱ्याला ओरडता येत नाही. तोंड पाण्याच्या वर येते तेव्हा मिळालेला क्षण श्वास घेण्यातच जातो, आवाजासाठी हवा उरत नाही. हात वर करून कोणाला बोलावताही येत नाही. ते आपोआप बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात. डोके मागे कललेले, डोळे भकास, शरीर उभे. लांबून पाहणाऱ्याला वाटते, पोर पाण्यात खेळते आहे. लहान मुलाच्या बाबतीत हे सारे अर्ध्या-एक मिनिटात संपते. पुढे मेंदूला प्राणवायू मिळाला नाही तर चार ते सहा मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. ताट वाढून होईपर्यंतचा हा वेळ.

त्यात लहान मुलाची ठेवण वेगळी. दोन वर्षांच्या मुलाचे डोके त्याच्या उंचीच्या जवळपास एक पंचमांश असते. म्हणून काठावरून किंवा बोटीच्या कडेवरून वाकून पाहताना ते डोक्यावरच पडते आणि स्वतःला सावरू शकत नाही. गुडघाभर पाणीही त्याला पुरेसे असते. आपल्या नद्यांमध्ये वाळूउपशाने पडलेले खड्डे आणि तलावांतला गाळ यांमुळे कालपर्यंत उथळ असलेली जागा आज खोल असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे ३ लाख माणसे बुडून मेली. त्यांतली जवळपास एक चतुर्थांश ५ वर्षांखालची मुले होती. आपल्याकडच्या घटना दूरच्या नाहीत. जी नदी आपल्या जिल्ह्याला नाव देते, त्याच वर्धा नदीत १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातल्या झुंज येथे नाव उलटली आणि ११ जण बुडाले. बहुतेक एकाच नात्यागोत्यातले, घरच्या दुःखाच्या विधीसाठी जमलेले. २१ मे २०२४ रोजी उजनी धरणात वादळी वाऱ्याने बोट उलटून ६ जण गेले. त्यांत आईवडिलांसोबत निघालेली दोन चिमुकली भावंडे होती. त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट बुडून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका दगावल्या. लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हते.

अशी बातमी आली की घराघरांतून एकच निष्कर्ष निघतो: लेकरांना पाण्याजवळ नेऊच नका. ही भीती समजण्यासारखी आहे, पण हा उपाय चुकीचा आहे. पाण्यापासून पूर्ण दूर ठेवलेले मूल कायम दूर राहत नाही. ते पंधरा-सोळा वर्षांचे होते, मित्रांबरोबर घरी न सांगता तलावावर जाते. त्याला पोहता येत नसते, खोलीचा अंदाज नसतो आणि चारचौघांत 'मला भीती वाटते' म्हणायची लाज वाटते. विदर्भात दर उन्हाळ्यात, दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येणारे किती तरी मृत्यू याच वयाच्या मुलांचे असतात. लहानपणी घातलेली बंदी तेव्हा कामी येत नाही. मोठ्या माणसाचा हात धरून पाणी पाहिलेले, घाबरण्यासारखे काय आणि नाही काय हे शिकलेले मूल तेव्हा दोन पावले मागे थांबण्याची शक्यता अधिक.

मासेमारीवर जगणाऱ्या ढिवर-भोई कुटुंबांत मूल एकदम डोंग्यात बसत नाही. आधी काठ, मग उथळ पाणी, मग पोहणे आणि शेवटी डोंगा. जुन्या काळी विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा बांधत आणि काठावर एक जाणता माणूस फक्त पाहत बसे. त्या कुटुंबांतही अपघात होतात, पण क्रम आणि पहारा या दोन गोष्टी त्यांना ठाऊक होत्या. सहलीला जाणाऱ्या शहरी कुटुंबाने डोंगा घेतला आणि हा क्रम सोडून दिला.

म्हणून मुलांना न्यावे, जरूर न्यावे, पण दोन अटींवर.

पहिली अट जॅकेटची. बोटीत बसण्यापूर्वी प्रत्येक मुलाच्या अंगावर त्याच्या वजनाला साजेसे जॅकेट हवे, सर्व पट्टे बांधलेले. बसल्यावर शेजारी ठेवलेले नव्हे. मोठ्यांचे जॅकेट लहानाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खालून निसटते. तपासणी सोपी आहे: जॅकेटचे खांदे धरून वर ओढावे, ते हनुवटीच्या किंवा कानांच्या वर गेले तर ते मोठे आहे. लहानग्यांसाठी मांड्यांमधून जाणारा पट्टा आणि मानेला आधार देणारी कॉलर असलेलेच घ्यावे. दंडाला लावायचे हवेचे फुगे हे खेळणे आहे, संरक्षण नव्हे. 'मांडीवर घेऊन बसतो' हा तर निव्वळ भ्रम. बोट उलटते तेव्हा पट्टीच्या पोहणाऱ्यालाही मूल धरून ठेवणे कठीण जाते. मुलाला बोटीला किंवा स्वतःला दोरीने बांधणे त्याहून वाईट. मुलाच्या मापाचे जॅकेट नसेल तर बोटीत बसू नये. मूल रडेल, पण घरी येईल. क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढली असतील किंवा फोटोसाठी सगळे एका बाजूला उभे राहत असतील तरीही उतरावे.

दुसरी अट पहाऱ्याची. काठावर असताना एका मोठ्या माणसाचे काम फक्त मूल पाहणे, तेही हात पोहोचेल इतक्या अंतरावरून. त्याच्या हातात गळ नाही, मोबाइल नाही आणि दारूचा थेंबही नाही. पंधरा-वीस मिनिटांनी पाळी बदलावी आणि तोंडाने सांगून बदलावी: "आता पिंकी तुझ्याकडे." हे हास्यास्पद वाटेल, पण याचा पुरावा भक्कम आहे. बांगलादेशात एक ते पाच वर्षांची मुले सर्वाधिक बुडत ती सकाळी, आई कामात असताना, घराजवळच्या तळ्यात. तिथे गावोगाव पाळणाघरे सुरू केली, त्या काही तासांत मुलांवर एका बाईचे लक्ष राहिले, आणि अशा मुलांचे बुडून होणारे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. ना महागडे यंत्र, ना औषध. फक्त पाहणारे डोळे.

गळाबद्दलही थोडे. टाकताना गळ मागे झेपावतो, तेव्हा मूल मागे उभे नको. काटा कातडीत रुतला तर ओढू नये. दोरी कापून तसेच रुग्णालयात यावे आणि धनुर्वाताची लस झाली आहे का ते पाहावे. डोळ्यात गेला तर हात न लावता, दाब न देता, कागदी पेल्याने डोळा झाकून आणावे.

इतके करूनही मूल पाण्यात सापडलेच तर पहिली मिनिटे निर्णायक असतात आणि नेमकी तीच आपल्याकडे वाया जातात. मुलाला उलटे धरून फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार अजून चालतात. पोटातले पाणी मारत नाही. श्वास थांबणे मारते. पोट दाबल्याने उलटी होऊन ती श्वासनलिकेत जाते. मूल श्वास घेत नसेल तर त्याला कडक जागेवर उताणे ठेवावे, डोके हलके मागे करावे, नाक बंद करून तोंडाने पाच श्वास द्यावेत. प्रतिसाद नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब, मग २ श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. दुसऱ्याने तेवढ्यात १०८ लावावा. मूल शुद्धीवर आले, बोलू लागले तरी रुग्णालयात आणावेच. फुप्फुसाला झालेला त्रास काही तासांनी उमटू शकतो.

प्रशासनाचीही जबाबदारी आहे. ज्या घाटावर बोट सुटते तिथे मुलांच्या मापाची जॅकेट, माणसांच्या संख्येची पाटी आणि ती मोडणाऱ्यावर कारवाई हवी. शाळेत पोहणे आणि जीवरक्षक प्रथमोपचार शिकवायला हवेत. पण पाटी लागेपर्यंत रविवार थांबत नाहीत.

पुढच्या रविवारी गाडीतून उतरल्यावर, चटई अंथरण्याआधी, कोणी तरी मोठ्याने विचारावे: आत्ता मूल कोणाकडे? उत्तरात 'सगळे' नको. एकच नाव हवे.