इंटरनेटच्या वाटेवर झुकते माप नको

रेल्वेने माल पाठवणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना एक गोष्ट ठाऊक आहे. गाठ कोणत्या शेठची आहे हे पाहून रेल्वे भाडे ठरवत नाही. रेल्वे अधिनियम १९८९ च्या कलम ७० नुसार एखाद्या व्यक्तीला किंवा एखाद्या प्रकारच्या मालाला गैरवाजवी झुकते माप देण्याची रेल्वे प्रशासनाला मनाई आहे. वाट ज्याच्या ताब्यात आहे त्याने मालाचे तोंड पाहून दर बदलले, तर छोटा व्यापारी बाजारात पोहोचण्याआधीच संपतो, हे त्यामागचे साधे व्यवहारज्ञान आहे.

इंटरनेटच्या बाबतीत हाच नियम लागू करणे म्हणजे 'नेट न्यूट्रॅलिटी'. उर्दू शाळेत शिकलेल्या माझ्यासारख्याला हा शब्द जड वाटतो, पण अर्थ अवघड नाही. ग्राहकाने डेटाचे पैसे भरले की त्याने कोणती वेबसाइट उघडावी हे त्याने ठरवावे. कंपनीने एकाची वेबसाइट झटपट उघडून दुसऱ्याची रखडवू नये, एकाची फुकट दाखवून दुसऱ्याची महाग करू नये. सरकारने यासाठी इंटरनेट कंपन्यांवर नियम लावावेत काय? माझे उत्तर स्पष्ट आहे : लावावेत, आणि ते पक्के लावावेत.

आपल्याकडे काय घडले ते पाहू. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच निर्णय मागे घेतला. एप्रिल २०१५ मध्ये त्याच कंपनीने 'एअरटेल झीरो' योजना आणली. दुकानदाराने कंपनीला पैसे द्यायचे आणि ग्राहकाने त्याचे दुकान डेटा खर्च न करता पाहायचे, अशी ती योजना. फ्लिपकार्ट त्यात सामील होणार होते, पण लोकांचा राग पाहून बाहेर पडले. फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या मदतीने 'फ्री बेसिक्स' आणले. गरिबाला फुकट इंटरनेट, असे त्याचे गोंडस नाव. प्रत्यक्षात फेसबुकच्या अटींत बसलेल्या मोजक्याच वेबसाइट त्यात होत्या. ज्याचे दुकान त्या यादीत नाही, त्याच्याकडे जायला ग्राहकाला पैसे मोजावे लागणार. एखाद्या कारागिराने आपल्या हातमागाच्या शाली विकायला वेबसाइट काढली, तर ती यादीत घालायला तो कोणाच्या दारात उभा राहणार?

अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, वेबसाइट पाहून डेटाचे वेगवेगळे दर लावण्यास बंदी केली. २०१८ मध्ये केंद्राने परवान्याच्या अटींत बदल करून वाहतूक अडवणे, रखडवणे किंवा एखाद्याला पुढे काढणे यालाही मनाई केली. दूरस्थ शस्त्रक्रियेसारख्या विशेष सेवांसाठी त्यात सवलत ठेवली, हेही योग्यच झाले.

कंपन्यांचे म्हणणे असे, की जाळे उभारायला आम्ही हजारो कोटी घालतो आणि कमाई व्हिडिओवाले करतात. मोठ्या वेबसाइटनी खर्चाचा वाटा द्यावा. ऐकायला हे रास्त वाटते. पण ग्राहक दर महिन्याला रिचार्ज करतो तो कशाचा? एकाच गाठीचे भाडे पाठवणाऱ्याकडूनही आणि घेणाऱ्याकडूनही वसूल करणे हा कुठला हिशेब? शिवाय असा भार शेवटी खालीच उतरतो. मोठ्या कंपनीने तो भरला, तर तिच्यावर माल विकणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कमिशनमध्ये ती तो घालेल. दक्षिण कोरियात अशा जाळ्याच्या शुल्कामुळे खर्च परवडत नाही म्हणून 'ट्विच' ही व्हिडिओ कंपनी फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथून निघून गेली.

काही जण म्हणतात, बाजारालाच ठरवू द्या, एक कंपनी वाईट वागली तर ग्राहक दुसरीकडे जाईल. बाजारावर माझाही विश्वास आहे, पण त्यासाठी दुकाने पुरेशी हवीत. २०१६ मध्ये व्होडाफोन, आयडिया, एअरसेल, टेलिनॉर, टाटा डोकोमो अशी कितीतरी नावे होती. आज मोबाइलच्या बाजारात मुख्यतः तीन खासगी कंपन्या आणि सरकारी बीएसएनएल उरले आहेत. तिघांनी एकच पावित्रा घेतला तर ग्राहक जाणार कुठे?

नियम कच्चा असला की काय होते ते अमेरिकेने दाखवले. तेथे २०१५ मध्ये नियम झाला, डिसेंबर २०१७ मध्ये रद्द झाला, एप्रिल २०२४ मध्ये परत आला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने तो मोडीत काढला. अशा धरसोडीत कोणता व्यापारी भांडवल घालेल? आपला नियम ट्रायचा आदेश आणि परवान्याच्या अटी यांवर उभा आहे. संसदेने तो कायद्यात स्वच्छ शब्दांत लिहावा. दंडही वाढवावा. २०१६ च्या नियमात दंड दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये ठेवला होता; एवढ्या मोठ्या कंपन्यांना ही रक्कम म्हणजे चहापाणी. तक्रार मराठीत, उर्दूत करता यावी आणि तिचा निकाल ठरलेल्या मुदतीत लागावा.

हा नियम झाला म्हणून आपला माल खपेल असे नाही. माल चांगला हवा, भाव वाजवी हवा, वायदा पाळायला हवा. मोठ्या ऑनलाइन बाजारपेठा स्वतःचा माल वर दाखवतात, तो प्रश्नही वेगळा आहे. पण आज भिवंडी-मालेगावचे कापड फोनवर पाहून सौदे ठरतात. त्या फोनपर्यंतची वाट तरी सर्वांना सारखी हवी.

२०१५ मध्ये ट्रायकडे दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले, तेव्हा कुठे ती वाट वाचली. ट्राय जेव्हा जेव्हा लोकांची मते मागवते, तेव्हा आपल्या व्यापारी संघटनांनी आणि कारागिरांच्या सोसायट्यांनी आपले पत्र जरूर पाठवावे. कंपन्यांचे वकील तेथे हजर असतातच. आपले म्हणणे आपल्यालाच मांडावे लागेल.