संस्कारानंतरचे धर्मशिक्षण

वयाच्या पंधराव्या वर्षी, २००६ मध्ये निधन पावलेल्या कार्लो अक्युटिस या मुलाला पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित केले. संगणकात रमणारा हा मुलगा आता कॅथलिक किशोरांचा आदर्श मानला जातो. आदर्श दाखविणे मात्र तुलनेने सोपे. त्या वयातील मुलांना श्रद्धेची वाट समजावून सांगणे अवघड. मराठीभाषक कॅथलिकांचे मोठे केंद्र असलेल्या वसईलाही हा प्रश्न चुकलेला नाही.

धर्मशिक्षणाची मुख्य जबाबदारी येथे कुटुंबावर आणि धर्मग्रामावर आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ नुसार शासनमान्य वा अनुदानित शाळेतील अल्पवयीन विद्यार्थ्याला पालकांच्या संमतीविना धार्मिक शिक्षणास बसविता येत नाही. ही तरतूद योग्यच आहे. त्यामुळेच चर्चच्या आवारात भरणाऱ्या वर्गांचे महत्त्व वाढते. प्रथम ख्रिस्तशरीर स्वीकार आणि त्यानंतरचा दृढीकरण संस्कार हे या शिक्षणाचे दोन टप्पे. दृढीकरण म्हणजे श्रद्धेची प्रौढ जबाबदारी स्वीकारण्याचा प्रारंभ. अनेक कुटुंबांत मात्र तो शिक्षणाचा समारोप ठरतो. मनात खरे प्रश्न उभे राहू लागतात, नेमक्या त्याच वयात वर्ग सुटतो.

दुसरी अडचण भाषेची आहे. १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेले फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' हे धर्मशिक्षणाच्याच गरजेतून जन्मले. नवख्रिस्ती समाजाला ओळखीच्या पुराणशैलीत, ओवीबद्ध मराठीत ख्रिस्तकथा मिळाली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२-६५) उपासनेतही लोकभाषांना स्थान मिळाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल'द्वारे तोच वारसा पुढे नेला. आज मात्र घरात बोली, चर्चमध्ये प्रमाण मराठी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी मुले वाढत आहेत. प्रार्थना तोंडपाठ असते. तिच्यातील 'तारण', 'कृपा', 'पश्चात्ताप' या शब्दांचा अर्थ मात्र निसटतो. म्हणून मराठी सोडून देणे हा उपाय नव्हे. श्रोत्याची भाषा ओळखणे हाच स्टीफन्स यांचा खरा धडा होता.

चर्चच्या सर्वोच्च पातळीवरही याची जाणीव दिसते. युवकांवरील २०१८ च्या धर्मसभेनंतर पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये केवळ सिद्धांत आणि नीतिनियम शिकविण्यावर भर देण्यातील धोका दाखवून दिला; अशाने तरुण कंटाळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. २०२१ मध्ये त्यांनी धर्मशिक्षकाच्या कार्याला प्रापंचिकांसाठी अधिकृत सेवापद म्हणून मान्यता दिली.

मान्यतेइतकेच प्रशिक्षणही आवश्यक आहे. विज्ञान आणि श्रद्धा, अन्य धर्मीय मित्रांशी नाते, मोबाईलवरील जग, आई-वडिलांशी मतभेद या विषयांवरील प्रश्नाला 'असे विचारू नये' हे उत्तर पुरत नाही. दृढीकरणानंतरही वर्ग सुरू ठेवणे, पाठांतराइतकाच वेळ संवादाला देणे आणि मुलांना समाजकार्यात सहभागी करून घेणे या गोष्टी धर्मग्रामाच्या पातळीवर शक्य आहेत.

प्रश्न विचारणारा किशोर श्रद्धेपासून दूर गेलेला नसतो. तो अजून उत्तराची अपेक्षा बाळगून असतो. त्याने विचारणे थांबविले, तर मात्र चर्चने काळजी करावी.