मिठाचा जमाखर्च

खारघर या नावातच खार आहे. आज इथे इमारती आहेत, पण पनवेलच्या खाडीकाठची भातशेती टिकली ती बांध आणि उघाडीच्या जिवावर. उघाडीचे दार भरतीला मिटते आणि ओहोटीला उघडते. खारे पाणी बाहेर राहते, शेतातले जादा पाणी खाडीत जाते.

आता नळाने पाणी मिळते, मग खाडीशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. खारघरला पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाचे पाणी येते. ती नदी पुढे धरमतर खाडीला मिळते. वर पाणी अडले की खाली गोड्या पाण्याचा जोर घटतो आणि एप्रिल-मे महिन्यांत भरतीचे पाणी पात्रात वर सरकते. आपला हंडा भरतो, त्याची झळ खालच्या विहिरीला आणि शेताला बसू शकते.

हिशेब सोपा आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पिण्याच्या पाण्याची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालते. गोड्या पाण्यात १०० मिलिग्रॅम क्षार धरा. ९९ हंड्यांत समुद्राचा एक हंडा मिसळला की ४४९ होतात. ९८ हंड्यांत दोन मिसळले की ७९८! म्हणजे इष्ट मर्यादा ओलांडली.

मोजायला साधा टीडीएस मीटर चालतो. मात्र खारे पाणी जड असल्याने तळाशी राहते. म्हणून वरचे आणि तळाचे, दोन्ही पाणी तपासावे. ठरलेल्या जागी, अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. कारखान्याच्या सांडपाण्यानेही आकडा चढतो, म्हणून अधूनमधून प्रयोगशाळेत क्लोराइड तपासून घ्यावे.

उपायही माहीत आहेत. उधाणाच्या दिवसांत धरणातून थोडे पाणी सोडावे, पावसाळ्यापूर्वी उघाड्या आणि बांध दुरुस्त करावेत. जमीन खारवलीच, तर पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने काढलेले 'पनवेल-१', 'पनवेल-२' असे क्षार सोसणारे भात आहेत.

खाडीकाठच्या तरुण मंडळांनी आणि महिला मंडळांनी एक वही घालावी. तारीख, भरतीची वेळ, वरचा आकडा, तळाचा आकडा, एवढेच लिहावे. धरणातून कधी किती पाणी सोडले, तेही माहितीच्या अधिकारात मागून शेजारी मांडावे. "पाणी खारट लागते" हा अर्ज साहेब बाजूला ठेवतात. दोन उन्हाळ्यांचे आकडे जोडलेल्या अर्जाला उत्तर द्यावे लागते.