डाग हाताचा नाही, पाण्याचा!

मैत्रिणींनो, आज एक कबुली द्यायची आहे. दिवाळीच्या आधीची गोष्ट. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींना मी खिडकीजवळ नेलं आणि काचेवरचे पांढरे ठिपके दाखवत म्हटलं, "मावशी, दोन दिवस झाले सांगून. पुसलं की नाही?" त्यांनी हातातलं फडकं माझ्यापुढे धरलं. "ताई, घासून घासून फडकं झिजलं. डाग पाण्याचा हाय, माझ्या हाताचा न्हाई."

मला राग आला होता. संध्याकाळी मीच साबण घेऊन बसले. अर्धा तास घासलं. काच ओली असेपर्यंत आरशासारखी, आणि वाळली की पुन्हा तेच ठिपके. दुसऱ्या दिवशी मावशींसमोर चहाचा कप ठेवताना मला मान वर करवेना.

आमच्या वडवणीत हे नवीन नाही. बोअरच्या पाण्यानं घर चालवणाऱ्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे. तुरीची डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, गिझरची कॉइल पांढरी होते, नळाच्या तोटीवर खवले चढतात. यातलं बाकी सगळं घरात झाकून राहतं. खिडकी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. मग सासू म्हणते, "सुनेचा हात कामाला लागत नाही." पाहुणी बोलत नाही, पण नजर काचेवर रेंगाळते. पाण्याचा दोष बाईच्या माथी!

खरं तर यात गूढ काही नाही. पावसाचं पाणी मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन जातं. त्यामुळे त्याला किंचित आंबटपणा येतो आणि ते दगडातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत खाली उतरतं. आपल्या मराठवाड्याखाली काळा पाषाण आहे. त्यात पाणी जितके दिवस थांबेल, तितके क्षार साधारणपणे जास्त. हे पाणी काचेवर पडून वाळतं तेव्हा पाणी उडून जातं आणि क्षार तिथंच बसतात. म्हणून साबण लावून काही होत नाही. उलट साबण आणि क्षार मिळून चिकट पांढरी साय तयार होते.

क्षार काढायला आंबट लागतं. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, किंवा पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर लिंबूसत्व विरघळवा. त्यात जुनं फडकं भिजवून काचेला चिकटवा आणि पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. हे ऊन खिडकीवर नसताना करा, नाहीतर फडकं लगेच वाळतं. मग मऊ कापडानं चोळा, साध्या पाण्यानं धुवा आणि लगेच कोरडं करा. हट्टी डागावर नंतर खाण्याच्या सोड्याची पेस्ट हलक्या हातानं फिरवा. पण सोडा आणि व्हिनेगर एकत्र कालवू नका. फसफस होते, पण दोघांचाही जोर जातो. ब्लेड किंवा तारेची घासणी लावलीत तर ओरखडे कायमचे राहतील.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. आपल्याकडे खिडकीखाली शहाबादी किंवा कडप्पा बसवलेला असतो. ही फरशी चुन्याच्याच जातीची. व्हिनेगर, लिंबू तिच्यावर सांडलं की चमक जाते. म्हणून खाली जाड टॉवेल अंथरा. आणि संडास धुण्याचं ॲसिड खिडकीला अजिबात वापरू नका. ॲल्युमिनियमची चौकट काळवंडते, हात पोळतात. त्यात चुकून ब्लीचिंग पावडर मिसळली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दार बंद करून बाथरूम घासणाऱ्या बायकांनी हे पक्कं लक्षात ठेवावं.

डाग पडूच नयेत म्हणून मी आता एवढंच करते. खिडकी पाइपनं धूत नाही, ओल्या फडक्यानं पुसून लगेच कोरडी करते. झाडांना पाणी घालताना शिंतोडे काचेवर जाऊ देत नाही. उन्हाळ्यात खिडकीत बसवलेला कूलर सगळ्यात मोठा गुन्हेगार. त्याच्या गवतावर जो पांढरा थर चढतो तोच काचेवर येतो. म्हणून कूलर काचेपासून थोडा लांब ठेवायचा, आणि टाकीतलं पाणी दर आठवड्याला बदलायचं. डाग फार दिवस राहू देऊ नये. वर्षानुवर्षं बसलेले क्षार काच खातात, मग कुठलाच उपाय चालत नाही. आणि एक गैरसमज: तुरटी फिरवून पाणी मऊ होत नाही. तुरटीनं गढूळपणा खाली बसतो, विरघळलेले क्षार तसेच राहतात.

इथवर घरगुती सल्ला झाला. पण मावशींच्या त्या वाक्यानं मला आणखी पुढं नेलं. आमच्या घरची पहिली बोअर २००३ साली १८० फुटांवर लागली होती. तिच्या पाण्यात डाळ शिजायची. २०१६ च्या उन्हाळ्यात ती आटली. त्याच वर्षी १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोहोचली होती, आठवतं ना? आम्ही दुसरी बोअर घेतली, ती ५५० फुटांवर गेली. काचेवरचे डाग तेव्हापासूनचे. शेजाऱ्यांनी आमच्याहून खोल घेतली, मग त्यांच्या शेजाऱ्यांनी त्याहून खोल. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फुटांच्या पुढची विहीर 'खोल विहीर' धरली आहे. बोअरही त्यातच आली. आमच्या गल्लीत २०० फुटांवर थांबलेली बोअर शोधून दाखवा! घरातले पुरुष किती फुटांवर गेलो ते अभिमानानं सांगतात. त्या पाण्याचं काय होतं, ते आपण स्वयंपाकघरात भोगतो.

आता महत्त्वाचं. जडपणा हा पाण्याचा त्रासदायक दोष आहे, पण जागतिक आरोग्य संघटनेनं त्यासाठी आरोग्याच्या कारणानं मर्यादा घातलेली नाही. आपल्या भारतीय मानकात २०० मिलिग्रॅम प्रतिलिटर हे चांगलं मानलं आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. खरी भीती वेगळीच आहे. फ्लोराइड लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या वर गेलं तर लहान मुलांच्या दातांवर डाग येतात, आणि त्याहून वाढून वर्षानुवर्षं पोटात गेलं तर हाडं धरतात. नायट्रेट ४५ च्या वर गेलं तर तान्ह्या बाळाला धोका. यांचा काचेवर माग दिसत नाही, चवीतही कळत नाही आणि उकळूनही ते जात नाहीत. आपण काच घासत बसतो, आणि जे दिसत नाही ते लेकरांच्या पेल्यात जातं.

म्हणून माझं स्पष्ट म्हणणं आहे: पिण्याच्या बोअरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नये, आणि हे काम बायकांनी हातात घ्यावं. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी होते. खेड्यांसाठी तर २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवायचं ठरलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाचजणी कोण, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. नावं कागदावरच असतील, तर संच मागा. आमच्या बचत गटात हा विषय काढला तेव्हा निम्म्याजणी हसल्या. पण पुढच्या बैठकीला तिघी आपापल्या घरचं पाणी बाटलीत भरून घेऊन आल्या.

आणि पाऊस? हजार चौरस फुटांच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर जवळजवळ ९०० लिटर पाणी मिळू शकतं. त्यात क्षार जवळपास नसतातच. पहिला पाऊस गच्ची धुण्यासाठी सोडून द्या. पुढचा झाकणाच्या टाकीत साठवा, राहिलेला गाळून बोअरच्या शेजारी जिरवा. आमच्याकडे यंदा एक टाकी भरली. काचा त्याच पाण्यानं पुसल्या. ठिपका नाही.

त्या दिवशी मावशी खिडकीपाशी थांबल्या, काचेतून बाहेर बघितलं आणि म्हणाल्या, "बघा, म्या सांगितलं व्हतं."

सांगितलं होतं. ऐकायला मलाच वेळ लागला. पुढच्या वेळी काचेवर डाग दिसला, तर सुनेला किंवा कामवालीला बोलण्याआधी बोअर किती फूट आहे, एवढं विचारा.