मोबाईल फळीवर, पोरं जमिनीवर

मैत्रिणींनो, मोबाईलवर नाचाचं गाणं लागलं की तीन-चार वर्षांचं पोर ताडकन उठतं, हात हलवतं, उड्या मारायला लागतं. मग आपणच दटावतो, "बस खाली, आधी दोन घास खा." नाचायचं गाणं असं बघायचं होऊन बसतं. माझा आक्षेप आहे तो इथं.

मार्च २०२० मध्ये कोरोनामुळं शाळा, अंगणवाड्या बंद झाल्या आणि मोबाईल पोरांच्या हातात आला. शाळा पुन्हा भरल्या, पण मोबाईल काही सुटला नाही. त्याला नुसती नावं ठेवून काय होणार? दारात रहदारी, अंगणात दुचाक्या. स्वयंपाक, धुणं, सासू-सासऱ्यांचं औषधपाणी सांभाळून पोराला रोज रंकाळ्यावर न्यायला किती जणींना जमतं?

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली लहान मुलांसाठी सूचना दिल्या. तीन-चार वर्षांच्या मुलानं दिवसभरात मिळून किमान तीन तास हालचाल करावी, त्यातला तासभर तरी दम लागेल अशी. आणि बसून पडद्याकडं बघणं तासाच्या वर नको. दोन वर्षांखालच्यांना तर पडदा नकोच. यातला 'बसून' हा शब्द ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

तसं नाचगाणं आपल्याला नवं नाही. अंगणवाडीतल्या ताई अभिनयगीतं घेतात ती हीच. आपलं कोल्हापूर तालमींचं गाव. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबाग मैदान उभं राहिलं. पण तालमीचा उंबरा पोरींसाठी नव्हता. आपल्या आज्या-पणज्यांची तालीम म्हणजे पंचमीची, गौरीची झिम्मा-फुगडी! तोल, दम, हात, पाय, कंबर, सगळ्याला काम. त्याला कुणी व्यायाम म्हटलं नाही, एवढंच.

मग व्हिडिओ वापरायचा कसा? मोबाईल हातात न देता फळीवर ठेवा. दोन-तीन गाणी, दहा-पंधरा मिनिटं, पुरे. टाळ्या, उड्या, बेडकाची-सशाची चाल असलेली गाणी निवडा. सिनेमातले ठुमके चार वर्षांच्या पोरीला कशाला? जेवल्याबरोबर नको. आणि आपणही पदर खोचून सोबत उभं राहायचं. पोर पडद्यापेक्षा आईकडं बघून लवकर शिकतं. पावलं पाठ झाली की चित्र बंद, नुसतं गाणं. पुढं तेही बंद करून टाळीच्या ठेक्यावर फुगडी घाला.

एक मात्र टाळा. पोर नाचायला लागलं की लगेच शूटिंग करून स्टेटसला टाकू नका. मग ते बघणाऱ्यांसाठी नाचायला लागतं आणि कुणी हसलं की थांबतं.

पोरींच्या बाबतीत तर आपणच थांबवतो. आठ-नऊ वर्षांची झाली की "पुरे झाल्या उड्या, शोभतं का हे?" भाऊ फुटबॉल घेऊन मैदानावर पळतो, ही घरात बसते. पुढं गुडघे धरून उठणाऱ्या बायका आपण आपल्या मंडळात बघतोच की! निदान आपल्या घरात तरी हे वाक्य बंद करूया. लहानपणी आईचा हात धरून नाचलेली पोरगी सहजासहजी थांबणार नाही, असं मला वाटतं. आणि तिच्याबरोबर आपलेही चार सांधे मोकळे झाले, तर बिघडलं कुठं?