खुनाला धनी हवा!

माणूस मारायचा की नाही, हे यंत्राने ठरवावे काय? जगाने या प्रश्नावर नुसता अहवाल मागवला, तर दिल्लीच्या पोटात गोळा उठला! 22 डिसेंबर 2023 रोजी स्वायत्त शस्त्रांबाबत देशोदेशींची मते मागवणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. बाजूने 152 राष्ट्रे. विरोधात रशिया, बेलारूस, माली आणि भारत. काय ही पंगत! दिल्ली म्हणते, या चर्चेची जागा जिनिव्हातली शस्त्रकराराची बैठक. तिथे 2014 पासून गुऱ्हाळ चालू आहे. एकमताशिवाय पान हलत नाही आणि एकमत काही होत नाही.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या सिंदखेडराजाच्या मातीला दगा ठाऊक आहे. 1629 मध्ये दौलताबादेला निजामशहाच्या दरबारात इथल्या लखुजी जाधवरावांना मुलांसह कापून काढले. चार शतके होत आली, तरी त्या खुनाचा धनी निजामशहा, हे इथले शेंबडे पोरही सांगेल. उद्या यंत्राने स्वतःच सावज हेरले, स्वतःच झडप घातली आणि सरपणाला निघालेल्या बायाबापड्या मारल्या, तर नाव कोणाचे घ्यायचे? कारखानदाराचे? प्रोग्राम लिहिणाऱ्याचे? की बटणही न दाबलेल्या सुभेदाराचे?

माणूस चुकत नाही, असे आम्ही म्हणत नाही. 27 फेब्रुवारी 2019 ला बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने आपलेच हेलिकॉप्टर पाडले. नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे त्यात गेले. मार्च 2022 मध्ये आपले ब्राह्मोस चुकून सुटले आणि पाकिस्तानात पडले. पण पहिली चूक हवाई दलप्रमुखांनी जाहीरपणे कबूल केली, दुसरीपायी तीन अधिकारी बडतर्फ झाले. यंत्राला बडतर्फ कोण करणार? त्याच्यावर खटला कोणत्या कोर्टात भरणार?

शत्रू थांबणार नाही, मग आपणच का थांबायचे, असा कांगावा होईल. आमच्याच विदर्भात, नागपुरात बनणारे नागास्त्र हे आत्मघाती ड्रोन पाहा! ऐनवेळी हल्ला रद्द करून ते परत बोलावता येते. लगाम माणसाच्या हाती ठेवूनही शस्त्र धारदार राहते, हे सरकार जाणते. मग तोच लगाम कायद्यात बांधायला हात का थरथरतो?

पुलवामाच्या हल्ल्यात बुलढाणा जिल्ह्याने मलकापूर आणि चोरपांग्र्याचे दोन जवान गमावले. आम्हाला देशभक्ती शिकवू नका! बुलढाण्याचे खासदार प्रतापराव जाधव केंद्रात राज्यमंत्री आहेत. त्यांनी आपल्याच सरकारला जाब विचारावा. माणसाच्या हुकमाशिवाय माणसावर शस्त्र चालणार नाही, असा कायदा संसदेने करावा आणि जगाच्या सभेतही त्याच बाजूने हात वर करावा. ते जमत नसेल, तर उद्याच्या प्रत्येक बेवारशी खुनाचे धनी तुम्हीच, हे आम्ही आजच लिहून ठेवतो!