धूर कामगारांची संख्या मोजत नाही

आपल्या खिडकीची जाळी आणि दाराचे फाटक ज्याने सांधले, त्या वेल्डरचे नाव बहुधा कोणत्याही हजेरीपटावर नसते. पुरेशा संरक्षणाविना आर्कसमोर राबल्यावर रात्री त्याचे डोळे वाळू गेल्यागत खुपतात. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप जोडला की थंडीताप भरतो. ताप ओसरताच तो पुन्हा कामावर हजर होतो. हे धंद्याचे भोगच आहेत, अशी त्याची समजूत करून देण्यात आली आहे.

वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरविला. कायदा मात्र डोकी मोजत बसला आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी किमान १० कामगारांची अट होती. २०२० च्या संहितेने ती २० वर नेली. चार-पाच जणांची फॅब्रिकेशनची शेड दोन्ही व्याख्यांबाहेरच राहते.

कायद्याचे संरक्षण कामातील धोक्यावरून ठरले पाहिजे. धूर ओढून घेणारा पंखा, योग्य काच आणि दरवर्षी छातीची तपासणी, ही मागणी अवाजवी नाही. ती मांडण्यासाठी संघटनांनी मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवरून या शेडपर्यंत चालत गेले पाहिजे. तेथे वर्गणी थोडी जमेल. पण संघटनेची खरी गरज तेथेच आहे.